तारीख नसलेली व्हीसी

दैवशाला इंगोले मला चावली तेव्हा मी तिच्या गळ्याची गाठ सोडवत होते.

महिला बराकीची न्हाणी, सकाळचे पावणेनऊ. खाली ओली फरशी, बाजूला पालथी बादली. डाव्या हातानं मी तिला कमरेला धरून वर उचललं होतं आणि उजव्या हाताची बोटं साडीच्या पट्टीत खुपसून गाठ ओढत होते. गाठ सुटली तशी ती आख्खी माझ्या अंगावर आली. दोघी भिंतीवर आपटलो. तिच्या घशातून खरवडल्यासारखा आवाज निघाला, दोन-तीन श्वास आत गेले, आणि अंगात जीव आल्याबरोबर तिनं पहिलं काम केलं ते माझ्या मनगटात दात रोवायचं.

“सोड! सोड, सटवे!”

“मरू द्यायचं व्हतं ना मला.”

“मर ना. पण माझ्या ड्यूटीत नको.”

आज आठ वर्षांनी सांगताना हे वाक्य थोडं मऊ करावंसं वाटतं. पण बोलले ते असंच.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहात महिला विभागाची शिपाई होते. प्रमिला डोईफोडे. आतल्या बायका माझ्यामागे म्हणायच्या, हिच्या आडनावातच सगळं आलंय. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माझा नवरा याच खात्यात होता. ड्यूटीवर असताना हार्ट अटॅकनं गेला आणि अनुकंपावर त्याच्या जागी मला घेतलं. दैवशाला नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली आत होती. जेवणात कीटकनाशक घातलं, असं पोलिसांचं म्हणणं. माझा नवरा मेला म्हणून मी खाकी घातली, तिनं नवरा मारला म्हणून ती आत आली; मी एवढाच हिशेब केला होता. तिचा खटला अजून सुरूही झाला नव्हता, पण माझ्याकडे निकाल लागलेला होता.

त्यामुळे चहाच्या रांगेत ती कायम शेवटची. तिची आई भेटायला आली की वेळ मी घड्याळ हातात धरून मोजायची. दैवशालाही काही कमी नव्हती. बाकीच्या बायका मला बाई म्हणायच्या, ही ‘ओ’ म्हणायची. मी हजेरी घेताना नाव उच्चारलं की थुंकी गिळून, मुद्दाम उशिरा, “हजर.”

तिच्याबरोबर तिची मुलगी होती, ईश्वरी, साडेचार वर्षांची. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईजवळ आत राहू शकतं. त्या सकाळी पोरगी हमीदाबीच्या मांडीवर बसून पोहे खात होती. हमीदाबी म्हणजे बराकीतली सगळ्यात वयस्क बाई. तिनंच मला ओरडून बोलावलं होतं, “बाई, इंगोलेनं आतून कडी घातली, आन् बादली पडल्याचा आवाज आला!” खांद्यानं धडका देऊन कडी तोडली तेव्हा मी आत शिरले.

आदल्या दिवशी दैवशालाचा जामीन फेटाळला गेला होता. कोर्टाच्या व्हीसीवरून, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या सुनावणीवरून, तिला बराकीत परत आणलं ते मीच.

जेलर खंदारे साहेब दहा मिनिटांत आले. न्हाणीच्या दारातूनच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, गळ्याभोवती लालजांभळा वळ.

“नाटक आहे,” ते म्हणाले. “काल जामीन गेला, आज हे.”

“साहेब, नाटक नव्हतं. मी उतरवलं तिला.”

त्यांनी मला बाजूला घेतलं. “डोईफोडे, ड्यूटी कुणाची होती?”

“माझी.”

“मग लिहायला बसलो तर पहिलं नाव कुणाचं येईल?”

मी बाही ओढून मनगट झाकलं.

“न्हाणीत पाय घसरला. दोरीवर वाळत घातलेली साडी गळ्यात अडकली. कळलं?”

“हो साहेब.”

एवढ्यावर मिटलंही असतं. पण एकोणीस बायकांनी सगळं पाहिलं होतं आणि परवा जिल्हा न्यायाधीश कारागृहाच्या भेटीला येणार होते. तिची तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरचा कागद हवा होता. आमचे डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेलेले. सिव्हिलमधली मानसोपचारतज्ज्ञाची जागा कित्येक महिने रिकामी. तिथं न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, आणि सगळे पोलीस एका मंत्र्याच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला लागलेले. तेवढ्यात खंदारे साहेबांना आठवलं, की दोन महिन्यांपूर्वी एक पत्र आलं होतं: तातडीची गरज असेल तर मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ व्हीसीवर कैद्याला तपासतील. तोवर ती सोय कुणी वापरली नव्हती.

“बरंच झालं,” साहेब म्हणाले. “टीव्हीवर बघून काय कळणार त्यांना? फिट लिहून देतील. तुम्ही फक्त तिला सांभाळा.”

साडेअकराला मी तिला घेऊन निघाले. कुठं, कशाला, हे मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पदर गळ्याभोवती गुंडाळून ती माझ्या पुढं चालत होती.

व्हीसीची खोली म्हणजे आमच्याकडे कोर्टच. भिंतीवर एक मोठा स्क्रीन, त्यावर कॅमेरा, समोर लाकडी कठड्यासारखा एक बाक. दर पंधरा दिवसांनी कैद्यांना तिथं उभं करायचं. पलीकडे काळा कोट दिसायचा, नाव विचारलं जायचं, पुढची तारीख मिळायची. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. दैवशाला वर्षभर त्या खोलीत येत होती आणि एकदाही वेगळं काही घडलं नव्हतं.

दारात तिनं चपला काढल्या. कोर्टासमोर ती तसंच करायची.

स्क्रीनवर पन्नाशीच्या एक बाई आल्या. थंडीचे दिवस होते, त्यांनी गळ्यापर्यंत काळं स्वेटर घातलं होतं. मागं पांढरी भिंत. दैवशालानं हात जोडले.

मला त्याच क्षणी कळलं. तिला वाटत होतं हे कोर्ट आहे.

मी काही बोलले नाही.

“मी डॉक्टर हातेकर,” त्या म्हणाल्या असाव्यात, पण सुरुवातीला आवाजच येत नव्हता. आधीच येऊन थांबलेल्या खंदारे साहेबांनी कुठलंसं बटण दाबलं तेव्हा आवाज आला तो असा: “...नाव सांगा तुमचं.”

“दैवशाला बालाजी इंगोले. वय सव्वीस. निर्दोष आहे साहेब.”

“आज सकाळी काय झालं?”

“काही नाही साहेब.”

“रात्री झोप लागते?”

“लागते साहेब.”

“जेवण?”

“दोन्ही टाइम.”

“जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?”

“नाही साहेब. मला लेकरू सांभाळायचंय. मला जामीन द्या, मी कुठं पळून जाणार नाही.”

डॉक्टर खाली बघून काहीतरी टाइप करत होत्या. खंदारे साहेब स्क्रीनच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे उभे होते आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. मी दैवशालाच्या मागं होते.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “जामीन गेल्याचा ताण दिसतोय. बोलणं सुसंगत आहे, तातडीचा धोका...” त्या थांबल्या. “माझ्यापुढं अजून तीन पेशंट आहेत, त्यामुळे घाईत आहे, माफ करा. पण तुम्ही गळ्याभोवती एवढं घट्ट काय गुंडाळलंय? पदर काढा बरं.”

दैवशालानं साहेबांकडे पाहिलं.

“तिकडे कोण आहे?” डॉक्टरांनी लगेच विचारलं. “कुणाकडे बघताय तुम्ही? जे कुणी तिथं असतील त्यांनी समोर यावं. आणि मागं कुणीतरी उभं आहे, मला नुसता पट्टा दिसतोय. बसा खाली, चेहरा दिसू दे.”

साहेब कॅमेऱ्यात आले. मी बाकाच्या टोकाला बसले.

“मी जेलर खंदारे. मॅडम, बाईचा न्हाणीत पाय घसरला. वाळत घातलेल्या साडीत मान अडकली. किरकोळ आहे. बाकी फिट आहे, तुम्ही विचारलंतच.”

“पदर,” डॉक्टर म्हणाल्या.

दैवशालानं पदर सोडला. डॉक्टर स्क्रीनच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचं कपाळच दिसायला लागलं.

“जेलर साहेब, घसरून पडल्यावर असा वळ उठत नाही.” मग आवाज हळू करून, “दैवशाला, हे कसं झालं?”

तिनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचं डोकं किती भराभर चाललं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगावं तर कोर्ट म्हणणार, ही जीव द्यायला निघालेली बाई, हिच्या हाती लेकरू कसं द्यायचं. साहेबांचं खोटं तर धरलंच गेलं होतं. तिनं हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

“हिनं आवळला माझा गळा.”

मी ताडकन उठले. “मॅडम, खोटं बोलतेय ही! साफ खोटं! हिनं स्वतः फास लावला, मी उचलून धरलं, मी गाठ सोडली!” मी बाही वर करून मनगट कॅमेऱ्यापुढं नाचवलं. “हे बघा! वाचवलं त्याचं बक्षीस! चावली मला कुत्र्यासारखी!”

बोलून झाल्यावर मला समजलं मी काय केलं ते. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

“म्हणजे पाय घसरला नव्हता,” डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी मघाशी टाइप केलेलं काहीतरी खोडलं.

“जेलर साहेब, तुम्ही बाहेर थांबा.”

“मॅडम, सुरक्षेचा प्रश्न आहे. ही खुनातली आरोपी आहे. नियमानं...”

“नियमानं मी पेशंटशी खासगीत बोलते. महिला शिपाई हवी तर थांबू दे. नाहीतर मी लिहिते, की आत्महत्येचा प्रयत्न लपवला आणि मला तपासणी करू दिली नाही. वेळ टाकून लिहीन. अकरा एक्कावन्न.”

साहेब दारापर्यंत गेले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, “बघतो तुझ्याकडे.” तोवर ते मला ‘तुम्ही’ म्हणायचे. दार लागलं.

दैवशाला आता बाकावरून उठून स्क्रीनच्या अगदी समोर गेली होती. हात जोडलेले. “जज साहेब, या बाईच्या ताब्यात मला देऊ नका. तुम्ही जामीन देऊ नका, चालंल, पण दुसऱ्या जेलात पाठवा. लेकरासकट पाठवा.”

डॉक्टरांनी टायपिंग थांबवलं.

“जज साहेब?” त्या म्हणाल्या. “दैवशाला, मी जज नाही. मी डॉक्टर आहे.” मग माझ्याकडे. “शिपाईबाई, हिला कुणी सांगितलं नाही?”

“नाही.”

“हिचा असा गैरसमज झालाय हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“आल्या आल्या.”

“मग बोलला का नाहीत?”

काय सांगणार? ती ज्या स्क्रीनपुढं वर्षभर हात जोडत होती, तिथं आज कोर्ट नव्हतंच आणि तरी ती हात जोडत होती. ते बघायला मला बरं वाटत होतं.

दैवशाला मागं सरकली. तिनं खोलीभर नजर फिरवली, स्क्रीनवर, कॅमेऱ्यावर, माझ्यावर. “डॉक्टर? टीव्हीत?”

“हो. मला तुम्हाला सोडता येत नाही आणि शिक्षाही देता येत नाही. तुम्ही जिवंत राहावं, एवढंच माझं काम.”

“आसं.” ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. “म्हणजे येड्याच्या दवाखान्यात टाकायला बोलवलंय मला. लेकरू हितं आन् म्या तिकडं.”

“मी असं काही ठरवलेलं नाही.”

“मग काय ठरवलं? तुम्ही जज न्हाई तर म्या तुमाला काय कामून सांगू?”

आणि ती खाली फरशीवर बसली, तोंड भिंतीकडे करून. डॉक्टरांनी चार-पाच प्रश्न विचारले. उत्तर नाही. नंतर डॉक्टर म्हणाल्या, “बरं, मी तुम्हाला एकच...” आणि तोंड उघडं असतानाच त्यांचा चेहरा थिजला. आवाज गेला. स्क्रीनच्या मध्यभागी एक वर्तुळ फिरायला लागलं.

दाराला बाहेरून कडी होती. मी दार ठोठावलं. साहेब फोनवर कुणाला तरी मोठ्या आवाजात सगळं समजावून सांगत होते. मला कुणी ओ दिली नाही. मी परत आले आणि बाकावर बसले. खोलीत आम्ही दोघी आणि भिंतीवर ते उघडं तोंड.

“खोटं कशाला बोललीस?” मी म्हणाले. “माझी नोकरी खायला?”

तिनं मान वळवली नाही. “म्या खोटं बोलले न्हाई.”

“मी आवळला तुझा गळा?”

“काल सांजच्याला. गाठ तेवढी म्या मारली.”

“तोंड सांभाळ, इंगोले.”

“तूच सांभाळायचं व्हतं.” आता ती वळली. डोळ्यांचे पांढरे भाग रक्तासारखे लाल झाले होते. “सांग ना तुह्या डॉक्टरनीला, काल काय म्हणलीस ते. माझं तोंड फुगलंय रडून, लेकरू दारात वाट बघतंय, आन् तू माझ्या कानात काय म्हणलीस? म्या एक शब्द इसरले न्हाई. तू इसरलीस का?”

मी विसरले नव्हते.

बाहेर साहेबांचा आवाज थांबला होता. वर्तुळ फिरत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाच मिनिटं असतील. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या नजरेला नजर देत होते, कारण मान खाली घालणं मला जमत नव्हतं.

खर्रकन आवाज झाला आणि डॉक्टर हलायला लागल्या. “...ऐकू येतंय का? हां. दैवशाला, मी एकच विचारते. तुम्ही वर्षभर आत आहात. कोर्टानं याआधीही नकार दिला असेल. मग कालपासून आजपर्यंत वेगळं काय झालं?”

दैवशालानं ओठ घट्ट मिटले.

“मी सांगते,” मी म्हणाले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. उभी राहून, हात मागं बांधून, वरिष्ठांपुढं बोलतात तशी बोलले.

“काल जामीन फेटाळल्यावर मी हिला बराकीकडे आणत होते. ही रडत होती. मी म्हणाले, ‘रडतेस कशाला? दीड वर्षानं पोरगी अशीही बाहेर जाणार. नवरा खाणाऱ्या बाईची पोरगी म्हणून सगळं गाव तिच्यावर थुंकणार. तू मेलीस तर निदान बिचारी अनाथ तरी म्हणतील तिला, कुणीतरी पदरात घेईल. पोरीवर खरी माया असेल तर तेवढं कर.’”

डॉक्टर हलल्या नाहीत. क्षणभर मला वाटलं पुन्हा लाइन गेली.

“हेच शब्द?”

“हेच.”

“तुम्हाला समजतंय, हे मी लिहून घेतेय.”

“घ्या.”

मी का सांगितलं? नंतर पुष्कळांनी विचारलं. पश्चात्ताप झाला होता म्हणावं तर तसं नव्हतं. त्या क्षणीही मला ती आवडत नव्हती. पण तिनं गळा आवळल्याचा आळ घेतला तेव्हा मला जो संताप आला, त्यात एक जागा पोकळ होती. न्हाणीत तिला उचलून धरलं तेव्हापासून ती जागा मला ठाऊक होती. सकाळी तिच्या पायाखालची बादली बघून माझ्या मनात पहिला विचार आला होता, तो असा: हिनं ऐकलं माझं.

आणि तेव्हा दैवशाला बोलायला लागली.

माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडेही न बघता, स्वतःच्या पावलांकडे बघत. “ही म्हणली म्हणून न्हाई फकस्त. आधीपासून मनात यायचं. दिवाळीपासून. झोप न्हाई मला, खोटं सांगितलं. दोन वाजता जाग येती ते येती. लेकराला जवळ घ्यायला भ्या वाटतं, वाटतं माझ्या हातानं कायतरी व्हईल. काल ही बोलली तेव्हा वाटलं, चला, म्हंजी दुसऱ्याला बी तसंच दिसतंय.”

“पुन्हा कराल?”

तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. “आज संधी भेटली तर करीन.”

वर्षभरात त्या खोलीत तिनं दिलेलं हे पहिलं खरं उत्तर असावं.

डॉक्टर अर्धा तास बोलल्या. त्यांचे बाकीचे तीन पेशंट कुठं गेले कुणास ठाऊक. त्यांनी नवऱ्याविषयी एक शब्द विचारला नाही. ईश्वरीविषयी विचारलं: ती काय खाते, कुणाजवळ झोपते, तिला कोणती गाणी येतात. तिसऱ्या गाण्याला दैवशालाचा बांध फुटला. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि कुठं बघावं मला कळत नव्हतं.

मग साहेबांना आत बोलावलं गेलं. डॉक्टरांनी एकेक गोष्ट सांगितली आणि साहेबांना ती कागदावर उतरवायला लावली. हिला आजच औषध सुरू करायचं. बंदोबस्ताचे पोलीस परत आले की उद्या सिव्हिलला नेऊन गळा आतून तपासायचा. डॉक्टर स्वतः रोज अकराला या स्क्रीनवर येणार, आणि प्रत्येक वेळी त्या कोण ते हिला आधी सांगायचं. मुलीला आईपासून तोडायचं नाही, पण मुलीची जबाबदारी एकट्या आईवर टाकायची नाही. हमीदाबी आहेत ना, त्यांच्याकडे द्या. आणि पुढची सूचना मिळेपर्यंत ही एक मिनिटही एकटी राहता कामा नये. न्हाणीतसुद्धा कुणीतरी हाताच्या अंतरावर हवं.

“महिला स्टाफ तीनच आहे मॅडम,” साहेब म्हणाले. “एक बाळंतपणाच्या रजेवर. रात्रीची ड्यूटी एकीची. दिवसा डोईफोडेच आहेत.”

“ही नको,” दैवशाला म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काय होतं ते मी इथं लिहीत नाही. “दुसरी येईपर्यंत हीच,” त्या म्हणाल्या. “शिपाईबाई, तुम्ही तिच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. फक्त बसायचं.”

सात आठवडे मी बसले. दुसरी कुणी आलीच नाही. सकाळी सहाला रात्रपाळीची बाई उठली की मी तिच्या जागी बसायची. दैवशाला दात घासायची, मी बसलेली. ती न्हायची, मी पाठ करून दारात, एक हात मागं, तिच्या दंडावर. ती ईश्वरीची वेणी घालायची तेव्हाही मी. पहिल्या आठवड्यात तिनं मला दोनदा शिव्या दिल्या, एकदा भातावरचं वरण माझ्या पायावर सांडलं. मला बोलायची बंदी होती, म्हणून मी पाय पुसला. अकराला व्हीसी. दार उघडताच मी मोठ्यानं सांगायची, “या डॉक्टर हातेकर आहेत. हे कोर्ट नाही.” तेवढंच माझं बोलणं. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री सलग पाच तास झोपली. पाचव्या आठवड्यात ईश्वरी तिच्या पाठीवर बसून घोडा-घोडा खेळत होती आणि ती खरोखरच खिंकाळली. मी हसले नाही. हसायचा मला हक्क नव्हता आणि तिनं ते खपवूनही घेतलं नसतं.

पुढं तिचा खटला उभा राहिला आणि तीन वर्षांनी ती पुराव्याअभावी सुटली. नवऱ्याला तिनं मारलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझी बदली विदर्भात झाली. तिच्या सुटकेची बातमी मला हमीदाबीकडून कळली.

पण सात आठवडे संपायच्या आत माझी खातेनिहाय चौकशी लागली. साहेबांनी माझ्याविरुद्ध अहवाल पाठवला होता: कैद्याला आत्महत्येस उद्युक्त करणारी भाषा. त्यांच्या स्वतःच्या ‘पाय घसरला’चा त्यात उल्लेख नव्हता. चौकशी अधिकारी वरून आले होते, चष्म्याचे, शांत. बाहेर व्हरांड्यात एका सहकाऱ्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “नाही म्हण. रेकॉर्डिंग नाही काही. डॉक्टरनं ऐकलं ते तुझ्या तोंडून, तेव्हा तू घाबरून काहीही बोलली असशील. राहिली कैदीण, खुनातल्या आरोपीच्या शब्दाला कोण विचारतं?”

मी नाही म्हटलं नाही. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि सही केली. मग साक्षीला दैवशालाला आणलं. तिला खुर्ची दिली. हाताच्या अंतरावर कुणीतरी हवं होतं, म्हणून माझीच चौकशी चालू असताना मीच तिच्या बाजूला बसले.

अधिकाऱ्यांनी माझा जबाब तिला वाचून दाखवला. “या बाई असं बोलल्या, हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“काही वाढवायचं, कमी करायचं?”

“न्हाई. बरोबर सांगितलंय तिनं.” तिनं टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं. “म्या तिला माफ केलेलं न्हाई. ते पण लिहा.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. तिनं दोनदा ऐकलं आणि मग खाली आपलं आख्खं नाव सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं.

“चला,” उठताना ती मला म्हणाली. शिव्या सोडल्या तर त्या सात आठवड्यांत ती माझ्याशी स्वतःहून बोललेला तो पहिला शब्द. “लेकरू उठलं असंल.”